एका दिव्यावर दोन गाड्या

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या त्या बाईला सगळे दिवामावशी म्हणत. सासऱ्यांच्या हाताखाली ती हे काम शिकली. सासरे गेले, दुकान तिच्याकडे आलं, आणि पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक दारात येऊन "मिस्त्री कुठंयत?" असं विचारायचं. "बोला, मीच मिस्त्री," ती म्हणायची आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत गाडीची चावी अर्धी फिरवायची. सासऱ्यांनी लावलेली सवय ती. इंजिन चालू करण्याआधी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झालं की विझला पाहिजे. चालत्या गाडीत लागला तर लोक घाबरून धावत येतात. मावशीला भीती वाटायची ती जो लागतच नाही त्याची. जुन्या गाड्यांत वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरला जागं करणारा पहिला प्रवाह त्या इवल्याशा दिव्यातूनच जातो. दिवा उडाला की चार्जिंग बंद, आणि ते सांगायचं काम ज्याचं, तोच गेलेला.

काल शाळेतल्या मास्तरांची जुनी गाडी अशीच आली. दुसऱ्या एका मिस्त्रीनं त्यांना नवी बॅटरी घ्यायला लावली होती, तरी गाडी रोज सकाळी मेलेली. मावशीनं चावी अर्धी फिरवली, दिवा लागला नाही, निदान झालं. पण तसला बल्ब दुकानात नव्हता. मग या धंद्यातली माणसं करतात तेच तिनं केलं. दुकानामागे तिची स्वतःची तशीच जुनी गाडी उभी होती, तिच्यातला काढून मास्तरांना बसवला. घरची गाडी काय, हक्काचं कपाट! सोमवारी नवा आणू म्हणाली आणि विसरली.

आज दुपारी ती एका टेम्पोच्या बॉनेटखाली डोकं घालून बसली होती. लेकीला सातवा महिना होता. घाटापलीकडच्या दवाखान्यातून फोन आला होता, तपासणी परवाऐवजी आजच. बाप-लेक दुकानामागची गाडी घेऊन घाईनं निघाले. "आई, गाडी ठीक आहे ना?" लेकीनं मागून विचारलं.

"हं," मावशी म्हणाली.

तासाभरानं मास्तर आभार मानायला आले. गाडी चालू आहे हे दाखवायची त्यांना कोण हौस! मावशीनं सवयीनं खिडकीतून हात घातला, चावी अर्धी फिरवली. दिवा लाल झाला.

हा दिवा तिचा होता, आणि तिची गाडी घाटात होती.

तिनं नवऱ्याला फोन लावला. तो उचलणार नव्हता. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, ही ताकीद तिनंच त्याला दिली होती, आणि एवढी एकच गोष्ट तो इमानानं पाळायचा. लेकीचा फोन लागेना. घाटात रेंज नाही. वर डोंगरावर सकाळपासून धुकं. म्हणजे हेडलाइट चालू, काचेवर हवा सोडणारा पंखा चालू, वायपर चालू, आणि बॅटरीत भर काहीच नाही. कुठल्यातरी वळणावर दिवे मंद होणार, इंजिन बंद पडणार, आणि मागून ट्रक.

"मास्तर, सरका. गाडी मी चालवते."

मास्तर सरकले. वाटेत त्यांनी दोनदा "अहो, जरा हळू" म्हटलं, मग खिडकीवरची दांडी घट्ट धरून ठेवली. बॅटरीला बॅटरी जोडायच्या जंपर केबल तिनं मागच्या सीटवर टाकल्या होत्या. प्रत्येक वळणाला मावशी स्वतःला शिव्या घालत होती.

बोगद्याच्या अलीकडे धुक्यात पांढरा टॉवेल हलताना दिसला. नवरा रस्त्यात उभा राहून ट्रकना बाजूला काढत होता. गाडी निम्मी रस्त्यावर, निम्मी कडेला, दिवे पार गेलेले. लेक आतच बसली होती.

"आधी हिला बाहेर काढा! कठड्यापलीकडच्या सपाटीवर!" मावशी ओरडली.

मास्तरांनी लेकीला हात धरून नेलं. मावशीनं त्यांची गाडी चालूच ठेवली, दोन्ही बॅटऱ्या केबलनी जोडल्या. मग चालू गाडीच्या डॅशबोर्डखाली हात घालून बल्ब काढला. बल्ब एकदा पायाशी पडला, तिनं तो चाचपडत शोधला. स्वतःच्या गाडीत बसवला. नवरा चावीला हात घालणार तोच तिनं त्याचं मनगट धरलं.

"अर्धीच."

दिवा लागला. लाल, ठसठशीत. मग इंजिन चालू झालं आणि तो विझला. मावशीच्या जिवात जीव आला. तिनं केबल सोडवल्या.

"आणि माझ्या गाडीचं काय?" मास्तरांनी विचारलं.

"एकदा जागी झाली की चालू आहे तोवर चार्जिंग होत राहतं. फक्त घरी पोचेपर्यंत इंजिन बंद करू नका. चहालासुद्धा थांबू नका."

मास्तर निघाले. नवरा कपाळ पुसत म्हणाला, "जुनी झाली गं गाडी. काढून टाकू आता."

"गाडीला काही झालं नव्हतं," मावशी म्हणाली. "दिवा मी काढला होता. काल. मास्तरांसाठी. आणि विसरले."

लेक कठड्यावरून सावकाश पाय अलीकडे घेत आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मग मी विचारलं तेव्हा हं का म्हणालीस?"

"ऐकलंच नव्हतं मी," मावशी म्हणाली.

"मला वाटलं, तू सांगितलंस म्हणजे ठीकच असणार. दिवे मंद झाले तेव्हा बाबा म्हणत होते परत फिरू. मीच म्हटलं, चला. आईनं बघितलीय गाडी."

मावशीला रस्त्यातच रडू फुटलं. मागून ट्रकनं हॉर्न दिला. लेकीनं मागचं दार उघडलं, तिला आत ओढलं, आणि आईचे काळे हात दवाखाना येईपर्यंत स्वतःच्या ओढणीनं पुसत राहिली.