शेवंताबाईचा डावा हात

पौषातली धुई पांझरेच्या पात्रावरून उठली नव्हती, तरी शेवंताबाईनं गोणपाट अंथरून दोंडाईच्याच्या लाल मिरच्यांचा ढीग घातला. तराजू पुसला. भवानीची, दिवसाच्या पहिल्या विक्रीची, वाट बघत बसली. चार दिवस झाले, तिच्याकडून पहिली मिरची कुणी घेत नव्हतं.

कारण धुळ्यात घरोघरी लागलेलं १९१२ सालचं कॅलेंडर. छापखान्याच्या शेठनं विलायतेच्या जुन्या साप्ताहिकातलं बाजाराचं चित्र तिचा धाकटा भाऊ, छपाईचे लाकडी ठसे कोरणारा सुपडू, याला दाखवलं होतं. असाच धुळ्याचा बाजार लाकडात कोर, म्हणाला. सुपडूनं मधोमध बहीण बसवली, मिरच्या देताना. अक्षरं तो उलटी कोरे, म्हणजे कागदावर सुलटी उमटत. चित्र मात्र दिसलं तसंच कोरलं. छापून आलं तेव्हा शेवंताबाई डाव्या हातानं मिरच्या देत होती.

"डावखुरीनी भवानी नको रे भाऊ, दिवस उलटा जाई!" शेजारचा लसूणवाला जीवराम गिऱ्हाइकांना हसत सांगे.

आज सुपडू आला. शेठनं हात झटकले होते. छापून वाटून झालं, आता काय?

"अक्का, चूक व्हयनी. ठसा उलटा छापस."

"मंग तू कोरेल गनपतीनी सोंड कशी नई उलटी व्हयनी?"

सोंड डावीकडेच यावी म्हणून तेव्हा सुपडूनं आरसा धरून दहादा पाहिलं होतं.

"देवनं ध्यान ठेवं. बहीनना हात कोन देखी, असं वाटनं ना तुले?"

त्यानं उपरणं पसरलं. "शेरभर दे. आजनी भवानी मन्ही."

"घरना मानूसनी भवानी धरतस का, येड्या?"

ते खरंच होतं. सुपडू वळला, बाजाराकडे तोंड करून ओरडला, "बठ्ठा ऐका! अक्काना हात उजवाच शे. चूक मन्ही शे!"

"मंग तुन्हा गनपतीना बी काय भरवसा?" जीवराम म्हणाला. माणसं हसली. सुपडूचा चेहरा उतरला. त्याचं पोट देवांच्या ठशांवरच होतं.

शेवंताबाईला ते लागलं. ती ताडकन उठली. "जीवराम, मन्हा हातले हासा, हासी ल्या. तेन्हा गनपतीले नाव ठेवू नको. तो बराबर शे, मी देखेल शे!"

हसणं थांबलं. तरी पुढं कुणी आलं नाही. सुपडू मान घालून छापखान्याकडे गेला.

ती खाली बसली आणि धुईनं ओलावलेल्या मिरच्या निवडून बाजूला टाकू लागली.