तेरा फुटी की सोळा फुटी

अमेरिकेत नोव्हायला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे नागपूरचे काका निम्मं आयुष्य ‘समजा’मध्ये जगायचे. समजा रिटायर झालो, समजा फायबरग्लासचा तो अंड्यासारखा, आत झोपायची-रांधायची सोय असलेला ट्रेलर गाडीमागे जोडून अमेरिका हिंडलो. प्रश्न एवढाच, तेरा फुटी की सोळा फुटी? स्वतःच्या घरात काकूंनी बंदी घातल्यामुळे एका शनिवारी त्यांनी आमच्या हॉलच्या कार्पेटवर चिकटपट्टीनं दोन्ही प्लॅन आखले.

“समजा, तू काकू. झोप.”

तेरा फुटीच्या एकुलत्या एक बेडवर मी आडवा झालो. भिंतीकडच्या बाजूनं उठून काका चहा करायला निघाले आणि मला ओलांडताच दचकले.

“अरे, ओलांडलं! उंची खुंटते यार!”

मी बेचाळीस वर्षांचा इंजिनिअर. तरी ते उलटे ओलांडून परत जाईपर्यंत निमूट पडून राहिलो. तेरा फुटी तिथेच कॅन्सल झाला. सोळा फुटीत दोन बेड वेगळे होते.

उन्हाळ्यात काका-काकू सोळा फुटी घेऊन निघूनही गेले. बायकोनं कार्पेटवरची पट्टी कधीच खरवडून काढली. मी मात्र हॉलमध्ये अजून त्या ट्रेलरच्या दारातूनच शिरतो. उंची पाच फूट चार इंच, तरी डोकं आपटू नये म्हणून जरा वाकून.