काळी एक पट्टी

माहा गाढवपणा मीच सांगून टाकतो. नाहीतर पायल सांगते, आन् तिखट-मीठ लावून सांगते.

शाळेत गाण्याची स्पर्धा होती. पहिला आला थो गोंदियाले, जिल्ह्याच्या स्पर्धेले. दरसाल पायलच जाते. यंदा मी अर्जुनीच्या बसस्टँडवर सगळ्या पोट्ट्यायले सांगून बसलो, "गोंदियाले मी जातो." आता मागं कसा सरकू?

तालमीले मी एकच दिवस गेलो, थोही उशिरा. सर सांगून राहिले होते, "आपापली पट्टी ठरवून या. पेटीवाले मास्तर आधी तेच विचारतील. पट्टी चुकली की गाणं गेलं."

पायल बोलली, "माही काळी चार, सर."

"आन् तुझी रे?"

"घरी पाहून सांगतो जी."

"घरी काय पाहतोस? पोरांची काळी एक धर."

पोरीले चार आन् आमाले एक? बरं, सरांसोबत कोण भांडते. आता तुम्हीच सांगा, पट्टी म्हणजे काय? रेघा मारायची, होय का नाही? मले वाटलं, ठेका धरायले लागत असन.

घरची लाकडी पट्टी मी बूटपॉलिश लावून काळी केली. स्पर्धेच्या दिवशी पायलच्या दप्तरातली पट्टी लांबवली. एकच निघाली, थेही पिवळी. म्हटलं, गेली पोट्टी.

पायल मंचावर चढली. मास्तर बोलले, "पट्टी?"

"काळी चार."

दाखव ना आता, म्हणून मी खाली बसून हासून राहिलो. पण कोणी पट्टी पाहिलीच नाही. मास्तरांनी सूर धरला, तिनं गाणं म्हटलं, टाळ्याही झाल्या. मले वाटलं, वशिला आहे.

माहा नंबर आला.

"पट्टी?"

"काळी एक जी." मी पेटीवर ठेवून देली.

मास्तर बोटाचं पॉलिश पुसत राहिले. मंग हळूच बोलले, "बाबू, पट्टी म्हणजे गायचा सूर. पेटीवर ह्या काळ्या-पांढऱ्या दिसतात ना, त्यातली काळी एक. आन् खिशात पिवळी कायले आणली?"

मागून पायल बोलली, "थे माही आहे जी. सकाळपासून शोधून राहिली."

तरी मी गायलो. परीक्षक बोलले, "आवाजही पट्टीसारखाच आहे. सपाट."

पण गोंदियाले मी गेलोच. सरांची शिक्षा होती, पायलची पेटी खांद्यावर घेऊन. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "तू बी गाते का रे?"

मी तोंड उघडायच्या आधी पायल बोलली, "नाही जी काका, थो पट्ट्या सांभाळते."