दांगने मागून घेतलेला कागद

चीनमधल्या शान्शीच्या डोंगरात मुलगी बघायला आलेली माणसं तोंड नंतर बघतात, आधी बोटं. पाहुण्यांसमोर मुलीला कणीक तिंबून नूडल्स ओढायला लावतात. पेरं सुजलेली दिसली की मंडळी चहासुद्धा न घेता उठतात. दांग मानत्सांगच्या लेकीने, छाइश्याने, दोन-दोन हात लांब नूडल्स सरसर ओढल्या, आणि सपाटीवरच्या हानबाईंनी आपल्या मुलासाठी तिथल्या तिथे सोयरीक पक्की केली.

दांगने आता गप्प बसायचं होतं. पण गप्प बसेल तो दांग कसला!

आठव्या वर्षी, गावातल्या बऱ्याच जणांसारखे, त्याचेही सांधे फुगले, उंची खुंटली. गाठाळ बोटांनी केरसुण्या बांधत त्याने जन्म काढला. भांडण झालं की बायको एकच बोलायची, "तुमचं रक्तच किडकं!" ती वारली, पण ते बोलणं त्याच्या मनातून गेलं नाही.

शहरातून गावकऱ्यांचं रक्त तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या मागे तो वर्षभर लागला: निकाल लिहून द्या, वर शिक्का मारा. शेवटी कंटाळून बाईंनी दिला, समजावूनही सांगितला.

"काका, तुमच्या मातीत सेलेनियम नावाचं खनिज कमी, म्हणून धान्यातही कमी. ज्याला सेलेनियम लागतं असं एक प्रथिन शरीर बनवतं. ते प्रथिन बनवणाऱ्या तुम्हा बापलेकीच्या जनुकात थोडा फरक आहे. दुखणं मातीचंच, फरकामुळे तुम्हाला जरा जास्त भोवलं असेल. छाइश्या बाहेरचं धान्य खाऊन वाढली. तिला काही होत नाही."

दांगने त्यातलं 'दुखणं मातीचंच' तेवढं उचललं. सणाचे कपडे घालून तो थेट हानबाईंकडे गेला आणि कागद ऐटीत टेबलावर ठेवला.

हानबाईंनी तो दोनदा वाचला. "म्हणजे पोरीच्या रक्तातही आहे."

"अहो, पण दुखणं मातीचं! शिक्का बघा की!"

"माती राहील तुमच्या गावात, दांगभाऊ. रक्त येईल माझ्या घरात."

सोयरीक मोडली. मेल्याने स्वतःच्या हाताने मोडली, दुसरं काय म्हणायचं?

छाइश्या रडली नाही. भांडी घासता घासता तिने विचारलं, "बाबा, बोटं बघून त्यांचं समाधान झालं होतं. कागद कुणी मागितला होता?"

"कुणी नाही."

"मग कुणासाठी नेलात?"

तुझ्यासाठी, असं म्हणून त्याला सुटता आलं असतं. तिनेही कदाचित मानलं असतं. पण लेकीसमोर त्याला खोटं बोलवेना.

"माझ्यासाठी," दांग म्हणाला.