काकांची दुसरी लाट

भूकंप-कचेरीत लाटकाकांचं काम एकच. यंत्राने काढलेल्या वेड्यावाकड्या रेषेत भूकंपाची पहिली लाट नेमकी कुठे येऊन टेकली ते शोधायचं आणि तिथे उभी खूण करायची. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं.

निवृत्तीला महिना उरला, तेव्हा हे काम संगणकाला शिकवायचं ठरलं. त्यासाठी आलेल्या इंजिनीयर बाईंनी काकांच्याच खुणा त्याला अभ्यासाला दिल्या. काका खूश. दोन मुलींना पाढे शिकवताना त्यांचा घसा बसला होता; हा विद्यार्थी कुरकुर न करता साठ हजार खुणा गिळून बसला.

पण चाचणीत तो बारीक धक्क्यांना उशिरा खूण करू लागला. बाईंनी चार दिवस त्याची नाडी तपासली आणि पाचव्या दिवशी संकोचत म्हणाल्या, "काका, संगणक ठणठणीत आहे. त्याने तुमचंच उचललंय." असंच असेल तर त्या सगळ्या खुणा बाद कराव्या लागतील, हेही त्यांनी सांगून टाकलं.

काकांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. मग बायकोलाही कधी न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी रस्त्यावरून गेलेल्या ट्रकला भूकंप ठरवलं होतं. पुढे महिनाभर साहेब दिसेल त्या ट्रकला सलाम ठोकत. तेव्हापासून धक्का बारीक असला की पहिली लाट दिसूनही काका हात आवरत आणि दुसरी आली की मगच खूण करत.

"नेहमी दुसरीवरच?" बाईंनी विचारलं.

"नेहमी. भीती माणसाला फार शिस्त लावते."

शिस्त असेल तर खुणा एकेक लाट अलीकडे सरकवता येतील, बाई म्हणाल्या. पण आधी काकांनी दोनशे जुने धक्के पुन्हा बघून द्यायचे. काका बसले. पहिल्या दिवशी तर दर खुणेआधी खिडकीतून डोकावून ट्रक नाही ना, याची खात्री करून घेत. धक्के सगळे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे, तरीही.

आठवड्याने पडताळा झाला. एकशे चौऱ्याण्णव जुन्या खुणा नेमक्या एकेक लाट उशिरा होत्या.

"आणि उरलेल्या सहा?" काकांनी घाबरत विचारलं.

"त्या पहिल्या लाटेवरच आहेत. त्या त्या दिवशी तुम्ही धीट होतात," बाई म्हणाल्या. "सगळ्या ठेवतेय, काका."

त्या सहा तारखा काकांनी चिठ्ठीवर उतरवून घेतल्या आणि घरी गेल्या गेल्या बायकोपुढे धरल्या. त्या त्या दिवशी आपल्याकडे काय झालं होतं, ते त्यांना जाणून घ्यायचं होतं. बायकोने चिठ्ठी हातभर लांब धरून वाचली.

"ही थोरली झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची."

"आणि बाकीच्या पाच?"

"सकाळी मी भांडले नसेन," ती म्हणाली आणि चिठ्ठी पुन्हा हातभर लांब धरून वाचू लागली.