विरजण मागायला आलेल्या बायका

ताईच्या तेराव्याची कार्डं बोईसरच्या एका छापखान्यातून छापून आली. मजकूर तिच्या थोरल्या दिरांनी दिला होता. ताईच्या नावाखाली लिहिलं होतं, ‘अल्पशा आजाराने देवाज्ञा झाली’. मी ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. माझ्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर होता. तिचा एक स्तन काढला होता. केस एकदा पुरते गेले होते. बरीच वर्षं तिने त्या रोगाला लांब ठेवलं आणि शेवटी तो पाठीच्या मणक्यात उतरला, तेव्हा तिला कूसही बदलता येईना. हा अल्पसा आजार.

मी कार्ड दिरांपुढे धरलं.

“असंच लिहायची पद्धत हाय,” ते म्हणाले. “आता यात काय बदलायचं? छापून आली.”

पद्धत. हा शब्द मी त्या घरात पुष्कळ वेळा ऐकला होता.

ताईला वाणगावला दिली होती. चिकूची वाडी, विहीर, दोन म्हशी, खाऊनपिऊन सुखी घर. मी तिची धाकटी बहीण, तेव्हा बिनलग्नाची, ताईकडेच राहून पालघरच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आंघोळ करताना ताईच्या हाताला गाठ लागली. ती तिने महिना-दीड महिना स्वतःपाशीच ठेवली आणि मग मला सांगितली. पालघरच्या डॉक्टरांनी तपासून लगेच मुंबईच्या इस्पितळात पाठवलं. तिथे तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, नंतर इंजेक्शनं आणि विजेचे शेक द्यावे लागतील.

त्या संध्याकाळी घरात रोगाचं नाव कुणी घेतलं नाही, ताईच्या नवऱ्यानेही नाही. ताईच्या सासूबाई पहिल्यांदा बोलल्या त्या एवढंच, “कुनाला बोलू नका. पोरीचं लगीन व्हायचंय.”

पोर म्हणजे ताईची नणंद. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुजं बी व्हायचंय. तुला नको काय नवरा?”

ताई कोपऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. जिच्या शरीरात तो रोग होता ती एकटीच कुणाच्या चिंतेत नव्हती. शेजारीपाजारी सांगायचं ठरलं, दातांसाठी मुंबईला जावं लागतंय. माझ्या बहिणीचे दात इतके चांगले होते की ती सोललेली सुपारी दातांनी फोडायची आणि हे सगळ्या आळीने पाहिलेलं होतं. तरी एकाही माणसाने विचारलं नाही, काय झालंय. न विचारणं ही पण पद्धत.

दुसऱ्या दिवशी ती मला वाडीत घेऊन गेली. पदर कमरेला खोचलेला, हातात विळा. म्हणाली, “मी जाणार नाही ऑपरेशनला.”

मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगायला लागले. तिने मला थांबवलं. “डॉक्टरांचं नको. तुझ्या पुस्तकांतलंही नको. मला एक बाई दाखव. हिचं हेच झालं, हिचं कापलं, आणि ही बघ आज चुलीपुढे बसून भाकऱ्या भाजतेय, अशी एक. मग जाते.”

मागणं किती साधं होतं! मला वाटलं, आठवडाभरात शोधून काढीन. वाचनालयात आधी कपाट पाहिलं. बाळाच्या संगोपनावर पुस्तकं होती, लोणच्यांवर होती, आदर्श गृहिणीवर तर एक अख्खी फळी होती. या रोगावर एक ओळ नव्हती. मग मी माणसांना विचारायला लागले, ताईचं नाव न घेता, मैत्रिणीसाठी म्हणून. वाचनालयात येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका हळूच म्हणाल्या, “माझ्या वहिनीला होतं. गेली.” समोरच्या दुकानदाराची मामी गेली होती. पालघरच्या बाजारात सातपाटीची एक कोळीण बसायची, तिच्याकडून मी नेहमी बोंबील घ्यायचे. तिला विचारलं तर म्हणाली, “हाय ना! माज्या नणंदेला झालेला.”

माझा जीव भांड्यात पडला. “कशा आहेत त्या?”

“कशा असनार? वर हाय ती,” तिने हातातल्या कोयत्यानेच आभाळाकडे दाखवलं. “साफ करून देऊ की तशेच नेतेस?”

असं करत करत मला पुष्कळ बायका सापडल्या. सगळ्या मेलेल्या. घरी परत जाताना मला जो राग आला, तो अजून गेलेला नाही. या रोगातून कुणीच उठत नसेल, असं होणं शक्य नव्हतं. पण मेलेल्या बाईला लपवायचं कारण नसतं. जगलेल्या बाईला मुली असतात, दीर असतात, नणंदा असतात, त्यांची लग्नं असतात. म्हणून जगलेली प्रत्येक बाई कुठल्या तरी घरात दार लावून बसली होती, आणि माझ्या बहिणीसारख्या बायका बाहेर उभ्या राहून मेलेल्या तेवढ्या मोजत होत्या.

ताईच्या वाडीच्या कुंपणापलीकडे एक काकी राहायच्या. पन्नाशीच्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचा पदर कायम दोन्ही खांद्यांवरून घेतलेला असे. ऐन वैशाखात चिकूच्या पाट्या भरताना आम्ही घामाने निथळायचो, तरी काकींचा खांदा कुणाला दिसायचा नाही. सगळी आळी त्यांचं कौतुक करायची. ताईच्या सासूबाईंचं तर ते तोंडपाठ होतं, “तेंना बघ. कवा पदर ढळला नाय. मर्यादा म्हनतात ती ही. नायतर तू, पदर कमरंला नि चालली झाडावर.”

ताई मग मुद्दाम मला डोळा मारायची.

शेवटी मुंबईच्या डॉक्टरांना होय की नाही ते सांगायचा दिवस आला. ‘नाही’ सांगायला म्हणून ताई माझ्याबरोबर निघाली. इस्पितळात याच रोगाच्या विभागाबाहेर बाकांच्या रांगा होत्या. आम्ही बसलो आणि समोरच्या रांगेत काकी दिसल्या. शेजारी त्यांचे यजमान, मांडीवर फाइल. काकींनी आम्हांला पाहिलं. त्यांनी पदर डोक्यावरून खाली ओढला आणि तोंड भिंतीकडे केलं. यजमान उठून त्यांच्यापुढे पडद्यासारखे उभे राहिले. एका आळीतली माणसं आम्ही. रोज सकाळी कुंपणावरून एकमेकींना हाक मारणारी.

नर्सने काकींना हाक मारली तेव्हा मी ताईकडे वळले. मला राग आला होता. तिच्या तोंडावर मात्र मी बऱ्याच दिवसांत न पाहिलेलं हसू होतं.

“बघितलंस?” ती म्हणाली. “काल विहिरीवरून दोन हंडे घेऊन गेली ही बाई. मी पाहिलंय.”

मग आत जाऊन तिने होय सांगितलं.

दोन दिवसांनी दुपारी, पुरुषमंडळी लवंडली असताना, काकी मागच्या दाराने आल्या. हातात वाटी. मी ओट्यावर होते. सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “विरजण हाय काय गो थोडं?” आणि सरळ ताईच्या खोलीत गेल्या. मी दार लोटून घेतलं.

त्यांनी पदर काढला, ब्लाउजच्या आतून कापडाची गुंडाळी काढून खाटेवर ठेवली आणि ताईला सगळं दाखवलं. ताईने बोट लावून पाहिलं. “दुखतं?”

“आता नाय. पैले दुखायचं. हात वर व्हायचा नाय. रोज रडत रडत भिंतीवर बोटं चढवायची. आता बघ.” त्यांनी हात उंच करून वरच्या फळीवरचा डबा काढला आणि परत ठेवला.

ताई हळूच म्हणाली, “आणि काका?”

“तेंचं काय? पैले तोंड फिरवून झोपायचे. मग मीच म्हनलं, एक गेलाय, एक हाय, रुसायचं कशाला?”

ताई इतकी हसली की सासूबाईंनी बाहेरून विचारलं, विरजण घेताना हसायला काय झालं. काकींनी तिचे दोन्ही हात धरले. “पन कुनाला बोलायचं नाय. माज्या दोन पोरी हायत.”

ताईच्या ऑपरेशनआधी आणि नंतर, शेक चालू असताना, केस गेले तेव्हा, काकी अशाच वाटी घेऊन येत राहिल्या. सासूबाई कुरकुरायच्या, “ह्येंच्या घरात दूध नासतं की काय? रोज विरजण!” तेवढ्या वाटीवर माझी बहीण उभी राहिली. डॉक्टरांनी औषध दिलं, पण खायला लागली ती काकींमुळे. काकींचे उपकार मी मानते. तरी मला विचारायचं आहे: एका बाईने दुसऱ्या बाईला ‘मी जगले, तूही जगशील’ हे सांगायचं, तर त्यासाठी तिने चोरासारखं मागच्या दाराने का यायचं?

ताई बरी झाली. तिचाही पदर दोन्ही खांद्यांवर आला. नणंदेचं लग्न झालं. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाई भरल्या घरात, सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, “आमची सून पन आता काकींच्या वळणावर गेली. बघा कशी मर्यादेत असते.”

मी तिळगुळाचं ताट धरून उभी होते. ताईने अत्तरदाणी खाली ठेवली.

“मर्यादा नाही, आई,” ती शांतपणे म्हणाली. “ऑपरेशन झालंय. कॅन्सरचं. एक बाजू नाही मला.”

कुणीतरी गुलाबपाण्याचा ओला हात पदराला पुसला. काकी तिथेच होत्या. तळहातावरच्या तिळगुळाकडे बघत राहिल्या आणि वर पाहिलं नाही. मला त्यांचा संताप आला. ताईला आला नाही. सासूबाई तिच्याशी पुढे महिनाभर बोलल्या नाहीत.

पण त्यानंतर बायका येऊ लागल्या. एकदा बोईसरच्या कारखान्यातल्या कामगाराची बायको आली, हिंदीत बोलत, डोक्यावर घट्ट पदर. ही गोष्ट बाहेर कशी पोचली कोण जाणे, पण पोचली ती वाटीसकट. एकीने दारात उभं राहून विरजण मागितलं. ती दातिवऱ्याहून आली होती. दातिवऱ्याहून वाणगावला कुणी विरजणाला येतं? ताई तिला आत घेऊन जायची, दार उघडंच ठेवायची, फळीवरचा डबा काढून दाखवायची. नंतर खरंच वाटीत थोडं विरजण घालून द्यायची.

आणि अशा बाईच्या कार्डावर त्यांनी अल्पसा आजार छापला.

तेराव्याला मांडवात पंगत बसली होती. काकी वरण वाढत होत्या, पदर दोन्ही खांद्यांवर. मांडवाच्या तोंडाशी एक तरुण बाई येऊन थांबली. तिच्या हातात स्टीलची रिकामी वाटी होती. तिने मांडव पाहिला, हार घातलेला फोटो पाहिला. तो कुणाचा ते तिला कळलं नसावं. तिने जवळच्या माणसाला विचारलं, “विरजण मिळेल काय?”

“आजच्या दिवशी?” सासूबाई चिडून म्हणाल्या. “तेराव्याच्या घरात विरजण मागायला आली! कोनाची गो तू?”

बाई घाबरून मागे सरली. मी काकींकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं, यावेळी नजर वळवली नाही. वरणाचं भांडं त्यांनी तिथेच पंगतीत खाली ठेवलं, हात धुतले आणि त्या बाईपाशी गेल्या.

“माज्याकडं हाय. चल,” म्हणाल्या.

दोघी कुंपणापलीकडे गेल्या. काकींचं दार लागलेलं मला मांडवातून दिसलं. इतक्या वर्षांनीही त्यांनी ते लावूनच घेतलं.

थोरले दीर पंगतीतून उठून आले. “कोन होती ती?”

“ताईच्याच आजाराची होती,” मी म्हणाले.

“हळू बोल. पावनी हायत.”

“कॅन्सरची,” मी पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. वाचनालयात आयुष्य काढलेल्या माझ्या आवाजाला एवढं मोठं होता येतं, हे मलाही तेव्हाच कळलं. मग काकींनी खाली ठेवलेलं वरणाचं भांडं उचललं आणि वाढायला घेतलं.