कामिनीनं मॉनिटर झाकून पाहिले

...हाव वं हर्षे, मॉनिटरचंच सांगून राहिली मी, पण कामिनी कोण ते सांगतल्याशिवाय वाचणाऱ्याले काय समजन? लिही तू. पंखा जरा माह्याकडे कर अन् लिही.

कामिनी म्हणजे आपल्या घराखालच्या गाळ्यातली. नरखेडकडच्या रुपरावची धाकटी लेक. बापाची संत्र्याची बाग, ते तिचा भाऊ पाहाते. ही इकडे सक्करदऱ्याले आली अन् कम्प्युटर खोलाले-जोडाले शिकली. आधी बर्डीच्या बाजारात एका मोबाईलच्या दुकानात कामाले होती. मंग एक दिवस मले म्हणे, "मनकर्णा मावशी, आता दुसऱ्याच्या काउंटरमांगं उभं नाही राहाचं मले." एकेक जुना कम्प्युटर आणे, खोले, पुसे, जोडे. असे आठ झाले तवा शटर उघडलं. पोट्टे येते, तासावर गेम खेळते, जाते. पार्लर म्हणते त्याले, पण आपण आपलं दुकानच म्हणू.

कोणी विचारन, तुह्या आजीचं तिथी काय काम? कूलर! आपल्या वरच्या खोलीवर टिन. मे महिन्यात माणूस पापडासारखा भाजून निघते. कामिनीच्या दुकानात मोठ्ठा कूलर, खसच्या ताट्या. जेवण झालं का मी भाजीची पिशवी घेऊन खाली जातो, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो अन् निवडतो. पोट्ट्यांच्या बंदुका चालते, माही मेथी चालते.

पोट्ट्यांवर तिचा धाक आहे, पण आवाज नाही काही. कोणी शिवी देली का ती नुसती त्याच्या खुर्चीमांगं जाऊन उभी राहाते. अन् आईचा फोन वाजला तं गेम मरो का जगो, आधी फोन उचलाचा, हा नियम. एक पोट्टा म्हणे, "ताई, दोनच मिनिट, शेवटचा दुश्मन राहिला." ती म्हणे, "दुश्मन उद्या बी भेटन. आई आत्ता चिडून राहिली." उचलला बापा त्यानं.

असं चांगलं चाललं होतं. अन् मागच्या उन्हाळ्यात शहराच्या त्या टोकाले, जरीपटक्याले, एक मोठं पार्लर निघालं. एसी, लाल-निळे दिवे, अन् सगळे मॉनिटर नवे. आपला हर्षित, तो लंबा पोट्टा, बंदुकीच्या खेळात सगळ्याइचा सरदार, तो जाऊन पाहून आला. आल्यापासून त्याचं तोंड थांबेच ना.

"ताई, तिथी अडाप्टिव मॉनिटर आहे. चित्र फाटतच नाही. तुमच्या दुकानात दुश्मन दोन तुकड्यात येते. मी आधी कोणत्या तुकड्याले मारू?"

"ज्याच्या हातात बंदूक आहे त्या," कामिनी म्हणे. सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी दोन खुर्च्या खाली. आठवड्यानं चार.

मी विचारलं, काय वं हे चित्र फाटणं? तवा तिनं मले माह्याच भाषेत सांगतलं. म्हणे, "मावशी, कम्प्युटरमधी एक कार्ड राहाते, ते चित्र बनवते. ते समजा पोळ्या लाटून राहिलं. मॉनिटर म्हणजे जेवाले बसलेला माणूस. साधा मॉनिटर घड्याळाच्या ठोक्यावर घास घेते. पोळी झाली का नाही, पाहात नाही. मंग अर्धी जुनी पोळी अन् अर्धी नवी, असा घास येते. वरचं चित्र आत्ताचं, खालचं मांगचं. मधात फाट. अन् हा नवा मॉनिटर तव्याकडे पाहून जेवते. पोळी उतरली का घास, नाही उतरली तं थांबला."

"मंग शहाणाच म्हणाव त्याले," मी म्हटलं.

"शहाणा आहे, पण महाग आहे. अन् घेतला तं मले आठच्या आठ घ्या लागन."

आता हे आठचं काय, ते लिही नीट. तिच्या गावात लग्नाची पंगत बसली का वाढाले रुपराव पाहिजेच. बुंदीची परात त्याच्या हातात. पहिल्या पानावर जेवढी मूठ, शेवटच्या पानावर तेवढीच. कामिनी लहानपणी त्याच्या मांगं मीठ वाढत फिरे. एका लग्नात दुसऱ्याच कोणी वाढलं, अन् व्याह्यांच्या रांगेले शिरा, दूरच्या रांगेले नुसतं वरण. अर्ध्या जेवणावरून माणसं उठून गेली. ते तिनं डोळ्यानं पाहिलेलं. तवापासून तिच्या डोक्यात पक्कं, की एका छपराखाली बसले तं सगळ्याले सारखं. काही खुर्च्याइले नवं अन् बाकीच्याइले जुनं, हे तिच्यानं होणं नाही. आणीन तं आठ, नाही तं एकही नाही.

अन् आठ आणले तं जमवलेलं सगळं त्यात जाते. तरी पोट्टे नाही आले तं शटर बंद. नाही आणले अन् पोट्टे गेले, तरी शटर बंद. बंद झालं का परत बर्डीवरचं काउंटर. त्या दिवसाइत तिचा चेहरा पाहवे ना मले.

बर्डीवरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं दोन नवे मॉनिटर तिले पाहाले देले. म्हणे, चालवून पाहा, सोमवारी सांगा किती पाठवू. तिनं ते आणून मांडले. दुपारी पोट्टे आले अन् जत्रा भरली. हर्षित पहिले बसला. दोन मिनिटात ओरडला, "मक्खन! ताई, एकदम मक्खन! डोळ्यात पाणी आलं."

दुसरा म्हणे, "हाव ना बे, किती साफ दिसून राहिलं."

तिसरा तं म्हणे, "मले बंदुकीचा आवाज बी चांगला येऊन राहिला."

कामिनी मांगं उभी. सगळ्याइचं ऐकून घेतलं अन् मंग हळूच म्हणे, "मी ते अडाप्टिव चालूच नाही केलं बे अजून. आतल्या सेटिंगमधी चालू करा लागते. बंद आहे ते."

हर्षित खाली मान घालून म्हणे, "पण पाणी तं खरंच आलं होतं ताई."

"कूलरच्या तोंडाशी बसला म्हणून," मी म्हटलं.

पोट्टे हसले, कामिनी नाही हसली. सगळे गेल्यावर म्हणे, "मावशी, मंग सगळी हवाच आहे. नावाले भुलून राहिले पोट्टे. अन् मी एवढं सगळं घालून हवा विकत घ्याची का?" दोन्ही डब्बे परत भराले काढले तिनं.

तेवढ्यात गार्गी आली. गार्गी म्हणजे कॉलेजची पोट्टी, बोलत नाही जास्त, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बस चालवाचा गेम खेळते. घाट, जंगल, पाऊस, अन् ती आपली बस चालवून राहिली. पण अर्ध्या तासात तिचं डोकं धरे. रस्त्याच्या बाजूचे विजेचे खांब मधातून कापल्यासारखे दिसे. कामिनीनं तिच्यासाठी एक फुकटची सेटिंग लावून पाहिली होती आधी. त्यानं फाट बंद झाली, पण स्टिअरिंग फिरवलं का बस उशिरा वळे. सीधी दरीत! गार्गी म्हणे, "ताई, डोकं दुखलेलं पुरते. पॅसेंजर मरून राहिले माह्ये."

त्या दिवशी कामिनी तिले म्हणे, "एक बार इथं बसून पाह्य." अन् या बारीले ते आतलं चालू केलं.

गार्गी बसली. घाट सुरू झाला. माही मेथीची जुडी निवडून झाली तरी ती बस चालवूनच राहिली. कामिनी हातात चिकटपट्टी घेऊन तशीच उभी, डब्बा भरू का नोको.

मंग गार्गी म्हणे, "ताई, खांब."

"काय झालं खांबाले?"

"काहीच नाही झालं. अख्खा गेला."

कामिनीनं चिकटपट्टी खाली ठेवली. पण आदल्याच घटकेले पोट्टे कसे फसले ते पाहिलं होतं ना तिनं. म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं काय केलं, तं दोन्ही मॉनिटर एकापाशी एक मांडले, अन् आपल्या जुन्या ओढणीचे तुकडे करून कडा झाकल्या. नाव दिसू नये, दिवा दिसू नये. एकावर ते आतलं चालू, एकावर बंद. कोणतं कशावर, ते तिलेच माहीत. अन् प्रत्येकाले दोन्हीवर दोन्ही गेम खेळाले लावले.

बंदुकीच्या खेळात एकाचंही एकाशी जुळे ना. हर्षितनं छातीवर हात मारून डावीकडचा सांगतला. तो बंद निघाला. तिनं आतून अदलाबदल केली, त्यानं उजवीकडचा सांगतला. तो बी बंद निघाला!

"सरदार, बंद मॉनिटरवर तुह्यं लय प्रेम दिसते," गार्गी म्हणे. एवढं मोठं वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

पण बसचा गेम लावला, अन् सगळ्यानं झटक्यात ओळखलं. मी बी ओळखलं, मी तं चष्मा बी नव्हता लावला. एका बाजूले घाट तुटून तुटून ये, दुसऱ्या बाजूले कसा वाहात ये.

कामिनी म्हणे, "बंदुकीचा गेम हलका आहे. कार्ड इतक्या भरभर पोळ्या टाकते, का ताट खाली राहातच नाही. तिथी नवं काय अन् जुनं काय, कोणाले कळत नाही. बसच्या गेमले कार्डाले दम लागते, कधी पटकन पोळी, कधी उशिरा. तिथी थांबणारा मॉनिटर पाहिजे." मंग तिनं तो मॉनिटर सगळ्यात जुन्या कम्प्युटरले लावून पाहिला. तिथी बस नुसती झटके देत चाले. ती म्हणे, "इथं तव्यावर पोळीच नाही. जेवणारा किती वाट पाहीन? याले आधी कार्ड पाहिजे." म्हणजे हिशोब साफ झाला होता. आठातले तीनच कम्प्युटर चांगल्या कार्डाचे, जड गेम चालणारे, तेवढ्याइलेच नवा मॉनिटर कामाचा.

पण पंगतीचं काय? ती तिथीच अडली, मले दिसून राहिलं होतं. संध्याकाळी रुपरावचा फोन आला, रोजच येते. तिनं स्पीकरवर टाकला अन् विचारलं, "बाबा, पंगतीत सगळ्याले सारखंच वाढा लागते ना?"

"हाव."

"एकाले कमी, एकाले जास्त, चालत नाही ना?"

"नाही चालत. काहून?"

तिनं सगळं सांगतलं. रुपराव हसाले लागला. "अवं बाई, उपासवाला बसला पंगतीत, तं त्याच्या पानात वरणभात टाकतो का मी? बिनदाताच्या बुढ्याले लाडू चुरून वाढतो. पान पाहून वाढा लागते. तू लहान असतानी बीपीवाल्या मामाच्या पानात दोन-दोनदा मीठ वाढलं, सगळ्याले सारखं म्हणून! मामीनं मले धुतलं सगळ्या मांडवासमोर. सारखं म्हणजे कोणी उपाशी उठू नये, एवढंच."

कामिनीनं ओढणीचे तुकडे सोडले मॉनिटरवरचे, अन् हसली. लय दिवसानं.

तीन घेतले तिनं. उरलं त्यात त्या सगळ्यात जुन्या कम्प्युटरले चांगलं कार्ड बसवलं. तासाचा भाव सगळ्या खुर्च्याइचा एकच ठेवला, तिथी मात्र ती हटली नाही. हर्षितले वाटलं होतं का नव्यावर पहिला हक्क आपला. दोन दिवस बसला, अन् आपल्या जुन्या खुर्चीवर परत. म्हणे, "मी हारतो ते मॉनिटरनं नाही हारत, मले समजलं आता." पोट्टं शहाणं झालं थोडं.

पण शटर वाचवलं ते त्याच्याच तोंडानं. जरीपटक्याले जाऊन तिथल्या पोट्ट्याइले म्हणे, "या बे सक्करदऱ्याले, झाकून दाखवतो, ओळखून दाखवा." ते आले तावातावात, मोठमोठ्या गोष्टी करत. कामिनीनं ओढणी बांधली. बंदुकीच्या खेळात सगळे फसले, चिडले, परत खेळले, अन् खेळता खेळता बसूनच राहिले. आता दर रविवारी दुपारी हा तमाशा चालते. माह्या स्टुलाले जागा नाही राहात, मले काउंटरमांगं सरकवते. जरीपटक्याचं पार्लर बी चालून राहिलं, चालू दे बापा. दोघांचंही चालते. गार्गी आता पूर्ण घाट उतरते, पॅसेंजर सगळे जिवंत.

हां, हर्षे, एक राहिलं. हे खाली मोठ्या अक्षरात लिही, वाचणाऱ्यासाठी. ते तीन जुने मॉनिटर निघाले ना, ते खराब नाही. कामिनीनं पुसून, चादरीत गुंडाळून ठेवले आहे. हलके गेम, अभ्यास, पिक्चर, सगळं चालते त्याच्यावर. तिले ते भंगारात नाही द्याचे. तं बाप्पा, तुमच्या ओळखीत कोणाच्या लेकराले कम्प्युटरसाठी मॉनिटर पाहिजे असन, अन् नवा परवडत नसन, तं त्याच्या मायबापाले सांगा, सक्करदऱ्याले या, कामिनीचं दुकान विचारा. जे जमन ते द्या, अन् एक घेऊन जा. दुपारीच या म्हणा, कूलर चालू राहाते.